सातवा देवदूत

"सातवा. उत्तरेकडून मोजायचं," शेवटच्या पायरीवर धापा टाकत बाबा म्हणाले. "नीट मोज, नाहीतर दुसऱ्याच्याच कामाला वाहवा देशील."

वय अठ्ठ्याहत्तर, पायऱ्या एकशे चाळीस, तरी टोमणे मारायला दम शिल्लक होता. आमच्या कॅथेड्रलचं छत यंदाच लोकांना खुलं झालं. तोवर वर फक्त पाथरवट जात. माझे बाबा एलादियो इथे चौतीस वर्षं पाथरवट होते. बारा जुन्या देवदूतांपैकी एक वीज पडून फुटला, तेव्हा त्याच्या जागी त्यांनी नवा घडवून बसवला. खालून तो अंगठ्याएवढा दिसतो. आमच्या नाताळच्या जेवणात मात्र त्याच्या पंखाच्या एकेका पिसाचं वर्णन व्हायचं. आई तो बघायचाच राहिला म्हणत गेली. निदान मी तरी बघावा, म्हणून बाबा दुखऱ्या गुडघ्यांनी चढले होते.

माहिती सांगणारी नोएलिया वीस-बावीसची असेल. आम्हा पंधरा जणांना तिने थांबवलं.

"हा सातवा बघा. मूळचा, मध्ययुगातला. सातशे वर्षांच्या वाऱ्याने आणि बर्फाने याचा चेहरा खाल्लाय. बाकीचे इतके रेखीव आहेत, म्हणजे ते नंतरचे. हात लावू नका हं."

मी पाहिलं. त्याला नाक नव्हतं, ओठ नव्हते. कांद्याचे सुटावेत तसे दगडाचे पापुद्रे सुटले होते आणि एक पंख गळून गेला होता. शेजारच्या सहाव्याच्या पापण्यासुद्धा जागच्या जागी होत्या. माझं डोकंच फिरलं.

"काहीतरीच काय सांगताय? सातवा माझ्या वडिलांनी घडवलाय. सत्त्याऐंशी साली."

बोलून गेले आणि मग आपण काय बोललो ते कळलं. सगळी माणसं बाबांकडे वळली. ते कठडा धरून उभे होते, चेहरा पांढराफटक.

"माझ्या कागदावर असंच लिहिलंय, आजोबा," नोएलिया पुटपुटली.

"तुझी चूक नाही, पोरी. माझी आहे." बाबांचा आवाज कोरडा पडला होता. "दगड खाणीत जसा आडवा असतो तसाच बसवायचा, थर आडवे ठेवून. पहिल्याच आठवड्यात शिकवतात. पण एवढ्या उंचीचा दगड मिळेना, आणि गावचा सण तोंडावर आलेला. मी लांबट दगड घेऊन उभा केला. थर उभे राहिले की त्यांत पाणी मुरतं आणि पापुद्रे सुटतात."

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"थर उभे आहेत हे माहीत होतं, रेमे. माझ्या डोळ्यांदेखत जाईल हे नव्हतं माहीत."

मला त्यांचा राग आला, आणि त्याच वेळी त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. दोन्हींपैकी काहीच जमलं नाही.

"उद्यापासून बरोबर सांग," ते नोएलियाला म्हणाले. "हे अकरा जुने. त्या लोकांनी काम चोख केलं. हा एलादियोचा."

"नाव नको घालायला, आजोबा."

"घाल. ज्याचं चुकलं त्याचं नाव हवं."

माणसं गुपचूप पुढे सरकली. देवदूताच्या पायाशी पिवळसर भुगा साचला होता. पाथरवट कामाची जागा झाडल्याशिवाय निघत नाही. बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि ते कोपऱ्याकोपऱ्यातून तो भुगा गोळा करू लागले. मी खाली बसून ओंजळ पुढे केली.