हात न लागलेला बास

हवा आहे: जुना बास गिटार. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा, जपानी असल्यास उत्तम. अट एकच. वाजवलेला नको. एकदाही नको. – संगमेश, कोल्हापूर.

इंटरनेटवरच्या जुन्या मालाच्या बाजारात ही जाहिरात तीन वर्षं लटकली होती. राजारामपुरीतल्या सायबर कॅफेचा मालक बाळासो ती दर महिन्याला नवी करून द्यायचा आणि दर महिन्याला तेच विचारायचा, "आवो, न वाजवलेलं वाद्य म्हंजे न चाललेली चप्पल. पायात घालाय तर घेताय न्हवं?"

"नाही," संगमेश म्हणायचा, आणि पुढचं पान उघडायचा.

अशा सहा गिटारी त्यानं मिळवल्या होत्या. एक शिलाँगच्या डॉक्टरच्या कपाटातून आली. एक म्हापशाच्या चर्चमधून, नाकाला कापूर झोंबेल अशी. खोकं आलं की तो पाठीमागची पट्टी उघडायचा, तारांना जाणारी अर्थिंगची वायर तपासायचा, नव्यानं डाग द्यायचा, पट्टी बसवायचा आणि गिटार माळ्यावर ठेवून द्यायचा. वाजवायचा नाही. तारेला बोटसुद्धा लावायचा नाही.

"सहा सवती आणून ठेवल्यात माळ्यावर," त्याची बायको शांभवी पाव्हण्यारावळ्यांसमोर म्हणायची. "बरं, एकीला तरी हात लावंल! तेबी न्हाई."

पाव्हणे हसायचे. संगमेशही हसायचा.

त्याचा धंदा अर्थिंगचा. बंगल्याच्या कडेला खड्डा काढायचा, तांब्याची पट्टी सोडायची, मीठ-कोळशाचे थर द्यायचे, पाणी घालायचं. घरातली चुकार वीज निमूटपणे जमिनीत गेली पाहिजे. गिऱ्हाईक म्हणायचं, पैसे वाचवू, एवढं कशाला. संगमेश मग त्याच्याकडे असा बघायचा की गिऱ्हाईक गप्प बसायचं.

*

आता घरघरीचं सांगायला हवं.

ॲम्पला बासची केबल जोडली की आधी एक घरघर उठते. पन्नास सायकलची, विजेची स्वतःची. जाड तारेच्या, दांडीवरच्या तिसऱ्या पडद्यावर जो सूर असतो, त्याच्या जेमतेम वर. तारांवर तळहात टेकला की ती थांबते, उचलला की परत येते. बास वाजवणाऱ्या कुणालाही यात नवल वाटत नाही.

त्या वर्षी, म्हणजे 2007 साली, कोल्हापुरात दुपारचं लोडशेडिंग होतं. पंखा थांबायचा, फ्रिज थांबायचा, गल्लीतली पिठाची गिरणी थांबायची. अख्ख्या पेठेत विजेचा टिपूस नसायचा. आणि जेवता जेवता संगमेशला माळ्यावरून घरघर ऐकू यायची. केबल नाही, ॲम्प नाही, वीज नाही. तिसऱ्या पडद्याच्या जेमतेम वर.

"तुला काही ऐकू येतंय?"

"व्हय," शांभवी म्हणायची. "तुमच्या ताटातली आमटी निवाय लागल्याली."

*

विकणे आहे: बास गिटार. जपानी, 1972. एकदाही वाजवलेला नाही. तेरा वर्षं जागचा हललेला नाही. पाठवणार नाही. घेणाऱ्यानं स्वतः येऊन उचलावा. – गडहिंग्लज.

जाहिरातीसोबत फोटो होता. तो उघडायला मशीननं चार मिनिटं घेतली. वरून खाली, एकेक पट्टी करून. आधी भिंत. मग देवळीचा कोपरा. मग बासचं डोकं. मग तारांखाली लाकडावर विभूतीचे तीन आडवे पट्टे, बोटांनी ओढलेले.

बाळासो म्हणाला, "पूजंतच ठेवलाय की! कुणी ओढल्यात ह्ये पट्टे?"

खालची पट्टी उघडली. पाट. पाटावर तंबाखूसारखा काळा पडलेला झेंडू.

संगमेशनं आपला उजवा हात उलटा करून बघितला. तीच तीन बोटं.

*

तो दिवस, लोकांना सांगतात तसा:

1994, खंडेनवमी. शिवमूर्ती आणि संगमेश यांचा ऑर्केस्ट्रा गडहिंग्लजात नावाजलेला. शिवमूर्ती बासवर, आणि गायचाही तोच. बेळगावच्या कॅम्पातल्या एका दुकानात बावीस वर्षं खोक्यातच पडून राहिलेला बास दोघांनी भागीत घेतला. सकाळच्या एसटीनं संगमेश तो घेऊन आला आणि थेट शिवमूर्तीच्या घरी पूजेत ठेवला. त्या दिवशी अवजारांना, वाद्यांना हात लावायचा नसतो. ज्यानं पाटावर ठेवलं त्यानंच दसऱ्याला अक्षता टाकून उचलायचं, ही त्या घरची रीत. रात्री मंडळापुढं कार्यक्रम होता. जुने बास, पेट्या वर्षाचे बारा महिने राबायच्या, त्यांना पूजा परवडायची नाही. परतीच्या पावसानं स्टेज ओलं. शिवमूर्तीनं जुन्या बासच्या तारा धरल्या, गायला माइकला तोंड लावलं, आणि खाली पडला तो उठला नाही. जुन्या बासमध्ये वीज उतरली होती.

लोक इथं थांबतात. संगमेशही इथंच थांबत आला.

दसऱ्याला तो बास उचलायला गेला नाही. सुतक होतं. पुढच्या दसऱ्यालाही गेला नाही. तेव्हा कोल्हापूरला येऊन एक वर्ष होत आलं होतं.

*

एसटीतून उतरला तर स्टँडवर शिवमूर्तीची बहीण दानेश्वरी उभी. लहान होती तेव्हा स्टेजमागं केबली गुंडाळायची. आता हायस्कुलात संगणक शिकवते.

"संगूअण्णा, येशील असं वाटलंच न्हवतं."

"जाहिरात तूच टाकलीस?"

"तुझी जाहिरात बघून टाकली. अव्वाच्या सांगण्यावरनं तीन पत्रं टाकली तुला, उत्तर न्हाई. गिऱ्हाईक म्हणून तरी येतोस का बघावं म्हटलं." ती भरभर चालत होती. "माझी बदली झालीय निपाणीजवळ. अव्वाला न्यायचंय संगं. आणि ती म्हणतीया, बास पाटावर असंस्तवर मी उंबरा वलांडत न्हाई. घर रिकामं झालंय अण्णा. भांडीसुद्धा गेली. एक देवळी, एक बास, आणि एक म्हातारी."

घर खरंच रिकामं होतं. बोललं की आवाज भिंतीला लागून परत यायचा. देवळीसमोर शिवमूर्तीची आई रत्नव्वा बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. तिच्यापुढं पाट. पाटावर बास. पाटाभोवती धुळीचा कण नव्हता, कारण ती रोज भोवतीनं पुसायची. नुसती भोवतीनं. तारा मात्र गंजून तांबड्या झाल्या होत्या.

"आलास व्हय तमा, लेकरा," ती म्हणाली. "हात-पाय धू जा. मग अक्षता टाक आणि उचल."

संगमेश बसला. हात-पाय धुवायला उठला नाही. बसल्या जागी त्याला घरघर ऐकू येत होती, माळ्यावरच्यापेक्षा मोठी. त्यानं वर बघितलं. दिवा बंद होता.

"लाईट गेलीया," दानेश्वरी म्हणाली. "पाचला येईल."

*

तो दिवस, घडला तसा:

"अव्वा," संगमेश म्हणाला, "त्या दिवशी सांजच्याला शिवा माझ्याकडं आलाता. म्हणाला, जुना बास चावतोय, कालपास्नं ओठाला झटकं बसाय लागल्यात. नवा उचलून दे, तू ठेवलायस, तूच उचल की. मी म्हटलं, आज हात लावायचा नसतो."

"रीत हाय ती," रत्नव्वा म्हणाली.

"रीत न्हाई अव्वा. मी कवा रीत पाळलीती? खंडेनवमीला स्क्रू-ड्रायव्हर खिशात घालून हिंडणारा मी." त्याचा आवाज भिंतीवरून परत आला, तो थांबला, परत बोलला. "त्याचा पहिला सूर मला लावायचा हुता. आयुष्यभर मागं ऱ्हिदम गिटार वाजवली. म्हटलं, दसऱ्याला मी उचलीन, मी वाजवीन, मग शिवाला दीन. म्हणून त्येला रीत सांगितली. त्यो हसला. म्हणाला, तू कधीपास्नं सोवळा झालास रं. आणि गेला."

दानेश्वरी दारातच उभी राहिली. बाहेर रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज घरभर फिरला आणि विरला. घरघर विरली नाही.

रत्नव्वानं पदरानं पाटाची कड पुसली. मग म्हणाली, "तुझ्याकडनं त्यो हितं आलता."

"कुठं?"

"हितंच. म्हणाला, अव्वा, संगू देत न्हाई, तू काढून दे. मी कणीक मळत हुते. म्हटलं, ठेवणाऱ्यानं उचलायचं, मी का उचलू? माझं हात भरल्यात." तिनं दोन्ही तळवे पुढं धरले, जणू त्यांना अजून कणीक होती. "तुला शिव्या द्यायला बोलवत हुते असं वाटलं व्हय तुला? तेरा वर्सं मी हेच्याम्होरं बसल्ये. तू उचललास तर माझं बी उचललं जाईल, म्हणून."

तिला सांगण्यासारखी एक गोष्ट संगमेशकडे होती. ती त्याला धंद्याच्या पहिल्याच वर्षी कळली होती, आणि ती स्वतःच्या सुटकेसाठी वापरायची नाही असं त्यानं ठरवलं होतं. आता समोर तिचे तळवे होते.

"अव्वा, ऐक. दोष बासचा न्हवताच. ॲम्पचा हुता, त्येचं अर्थिंग तुटलं हुतं. हा बास दिला असता तरी त्येच झालं असतं. कुठलाबी दिला असता तरी."

"खरं सांगतोस? का म्हातारीला गूळ लावतोस?"

"माझा धंदाच हाय त्यो."

"मग आदी का सांगितलं न्हाईस?"

पहिल्यांदाच तिच्या आवाजात धार आली. "तेरा वर्सं, संगमेश. तुला ठावं हुतं. आणि मी हितं बसल्ये."

तो उठला. हात-पाय धुतले. अक्षता टाकल्या आणि दोन्ही हात खाली घालून बास उचलला. वाटला होता त्याहून जड. पाटावर त्याच्या आकाराचा, लाकडाचा मूळ रंग उरला होता. घरघर वाढली, आता ती त्याच्या छातीत होती. खंडेनवमीला त्यानं ओढलेले विभूतीचे पट्टे शर्टाला लागले.

रत्नव्वा भिंतीला धरून उठली. जवळ आली. आपला तळहात तिनं चारी तारांवर सपाट टेकला, गरम तव्यावर भाकरी टाकतात तसा.

घरघर थांबली.

तिनं हात तसाच ठेवला. "थांबलं," ती म्हणाली.

संगमेश तिच्याकडे बघत राहिला. "तुला बी ऐकू येत हुतं?"

"दुपारची. लाईट गेल्यावर." तिनं हात काढला. काहीच परत आलं नाही. "आता वाजव. तुला लावायचा हुता न्हवं पहिला सूर?"

"मी न्हाई, अव्वा."

"मग काय मी लावू?"

"लाव."

"या बया," ती म्हणाली, आणि एका वाकड्या बोटानं तिनं सगळ्यात जाड तार ओढली. तार सैल होती, गंजलेली होती. सूर कसला, रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखा भद्द आवाज आला आणि भिंतींना लागून परत आला.

"ह्ये व्हय?" रत्नव्वा म्हणाली. "ह्येच्यासाठी?"

आणि उंबऱ्याकडे चालू लागली.