जांभळी बॅग आणि निम्मी फी

“हुरळून जाऊ नकोस. आपल्याला कोणी प्रेमाने देत नाही, आपण गळाला लावलेलं आमिष आहोत,” असं मला एका मोडक्या हँडलच्या बॅगेने बजावलं होतं. मी हसले. म्हटलं, हिला कोणी नेलं नाही, म्हणून हिच्या पोटात दुखतंय.

मित्रांनो, मी एक जुनी, जांभळी, चाकांची बॅग आहे. कारखान्यात मला कापड चढलं, चेन बसली आणि मी थेट एका सल्लागाराच्या ऑफिसात येऊन पडले. कुठल्या विद्यापीठात जावं, फी किती, सवलत किती, हे तो मुलांना सांगायचा. त्याच्यामार्फत प्रवेश घेतला की बॅग फुकट. एके दिवशी त्याने मला स्वतःच्या रुमालाने पुसलं आणि बहिणीच्या घरी नेलं. मला वाटलं, माझं नशीब वेगळं. मी भाचीसाठी निवडलेली!

त्या भाचीला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. तिच्यापुढे दोन विद्यापीठं होती. एक घरापासून बसने जाण्याजोगं. तिथे पाव फी माफ होणार होती, पण अगदी शेवटच्या वर्षापर्यंत. दुसरं लांबचं, काचेच्या इमारतींचं. तिथे निम्मी फी माफ.

“निम्मी!” बाबांनी टेबलावर थाप मारली. ते बस दुरुस्त करायचे; नखांतलं ग्रीस कितीही धुतलं तरी जायचं नाही. लांबच्या विद्यापीठाची मूळ फीच दुप्पट होती. पण किती सुटतंय एवढंच सगळे बघत बसले. किती उरतंय, ते कोणी मांडलंच नाही.

आई तेवढी साशंक होती. “दादा, ही सवलत दर वर्षी मिळेल ना रे?”

“अगं, चारही वर्षं! सख्खी भाची आहे माझी. परक्याला घालीन एखाद्या वेळी टोपी, घरच्याला घालीन का?”

“म्हणजे परक्याला घालता तर!” बाबा म्हणाले, आणि सगळे खो खो हसले. मीसुद्धा.

शेवटी लांबचं विद्यापीठच ठरलं. भिंगरीने मला गच्च भरलं, आईने वरून गुडघा दाबून चेन लावली. हॉस्टेलवर पोचलो, तेव्हा जिन्यात, दारात, पलंगाखाली सगळीकडे माझ्यासारख्याच जांभळ्या बॅगा.

“तुझीपण बॅग त्या सल्लागार काकांकडचीच? मला ते म्हणाले, तू मला भाचीसारखी,” शेजारची मुलगी म्हणाली.

भिंगरीने मला पायाने पलंगाखाली सरकवलं. त्या दिवसानंतर तिने मला पुसलं नाही.

पहिलं वर्ष निभलं. दुसऱ्या वर्षी फीच्या खिडकीतल्या बाईंनी पूर्ण फी मागितली.

“माझी निम्मी माफ आहे ना?”

“ती पहिल्या वर्षापुरतीच असते, बाळ. तुझ्या सल्लागारांना ठाऊक आहे की. प्रत्येक प्रवेशामागे त्यांना आम्हीच पैसे देतो.”

तिने तिथूनच मामाला फोन लावला. सुट्टीवरून आम्ही थेट तिथेच आलो होतो, त्यामुळे मी तिच्या पायाशीच होते.

“अगं, सगळीकडे असंच असतं,” मामा म्हणाला. “काढ थोडं कर्ज. आणि आईला एवढ्यात सांगू नकोस हं, उगाच बीपी वाढेल तिचं.”

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. माणूस परका असता तर आईने दहा ठिकाणी चौकशी केली असती. सख्खा होता, म्हणून नाही केली.

भिंगरीने हॉस्टेल सोडलं. लाँड्रीच्या मागे एक ओलसर खोली घेतली. कॉलेज सुटलं की ती झेरॉक्सच्या दुकानात कामाला उभी राहते. अर्धी फी भरलीय. उरलेली परीक्षेआधी भरली नाही, तर तिला परीक्षेला बसू देणार नाहीत. माझं एक चाक निखळलंय. मी खाटेखाली पडून असते आणि तिचा फोन ऐकते.

“जेवलीस का गं?” आई विचारते.

“हो गं, पोटभर. सगळं छान चाललंय.”

खोटं आहे ते. चहात बुडवलेल्या दोन बिस्किटांना ती जेवण म्हणते. आई तिकडे फोन ठेवायचं नाव घेत नाही. तिला काहीतरी खटकतं, पण फोनवर तिने विचारायचं तरी काय?

मित्रांनो, विद्यापीठ निवडाल तेव्हा किती माफ झालं ते बघून नाचू नका. सगळ्या वर्षांचं मिळून किती भरायचं, ते विद्यापीठाच्याच खिडकीवर जाऊन विचारा. मामा असला तरी विचारा. पण ते पुढचं. तुमच्या घरातली कोणी ताई, कोणी दादा आत्ता लांब शिकत असेल, आणि फोनवर ‘छान चाललंय’ जरा घाईनेच म्हणत असेल. घरातल्या मोठ्या कोणाला तरी घेऊन एकदा त्यांच्या खोलीवर जा. काही विचारू नका. आधी जेवणाचा डबा उघडून बघा.