माझ्या झाकणातली फट

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे. पण माझ्यात चकल्या ठेवाल तर त्या संध्याकाळपर्यंत मऊ पडतील, हे आधीच सांगून ठेवतो. माझं झाकण बघा. त्याला एक फट आहे. बोटभर लांब, अगदी सरळ. ती कशी पडली आणि अजून बुजली का नाही, एवढीच माझी गोष्ट.

नागपूरच्या इतवारीत, भांड्यांच्या दुकानात मी उभा होतो. शोभनाबाईंनी मला टिचकी मारून वाजवून पाहिलं. झाकण चार वेळा लावलं, चार वेळा काढलं.

"घट्ट बसतंय ना हो? माझी लेक जर्मनीला चाललीय. तिथं दमट असतं म्हणे."

मग दुकानदाराने मला उलटं धरलं आणि मशीनने माझ्या बुडाशी अक्षरं कोरली. टर्रर्र! गुदगुल्या झाल्या, थोडं दुखलंही. शोभनाबाईंनी सांगितलेलं ते एकच वाक्य आहे. ते काय, ते शेवटी सांगेन.

त्यांच्या लेकीच्या, नीलाच्या बॅगेतून मी जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरात आलो. तिचा नवरा सुदाम तिथल्या विद्यापीठात संशोधन करायचा. त्यांची मुलगी धम्मदीपा माझ्या झाकणावर चमचा बडवत बसायला शिकली. त्या काळात माझ्यात कधी चकल्या असत, कधी शंकरपाळे, आणि मी कधीच रिकामा नसे.

२०१२ साली एका रविवारी मराठी मंडळ काढायचं म्हणून आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती सात माणसं बसली. तिथे मंडळाची नोंदणी करायला सात जण लागतात आणि एक लिखित घटना लागते. घटना लिहायचं काम सुदामकडे आलं, कारण तो ट्राममध्येसुद्धा जाडजूड पुस्तकं वाचायचा.

"अमेरिकेची सुरुवात झाली तेव्हा तिथे पक्षच नव्हते," तो सांगू लागला. "वॉशिंग्टनना सगळ्यांनी एकमताने अध्यक्ष केलं. आणि ज्याला दुसऱ्या क्रमांकाची मतं पडतील, तो उपाध्यक्ष. म्हणजे हरलेला माणूस बाहेर उभा राहून दगड मारत नाही. घरातच राहतो."

"गेनाऊ! अगदी बरोबर! हेच घाल," त्या सातांतला श्रीनाथ म्हणाला.

"पण पुढे काय झालं त्यांचं?" नीलाने विचारलं.

"पुढचं वाचायचं राहिलंय गं. लायब्ररीत कुणीतरी नंबर लावला होता, पुस्तक परत द्यावं लागलं."

सगळे हसले. नियम लिहिला गेला.

मतपेटी हवी म्हणून नीलाने मला पुढे केलं. श्रीनाथ आणि सुमित, दोघंही इंजिनियर, एका खोलीत राहणारे, एका ताटात जेवणारे. ते मला खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, घेऊन गेले. एकाने झाकण धरलं, दुसऱ्याने कापलं. मग दोघांनी आळीपाळीने कानस फिरवून कडा गुळगुळीत केल्या. "लहान मुलं हात घालतील रे," सुमित म्हणत होता. "बोट कापायला नको कुणाचं." मित्रांनो, मला त्या दिवशी दुखलं नाही. खरं सांगतो.

पहिल्या निवडणुकीत माझ्यातून निघालेल्या एकेका चिठ्ठीवर त्या सातांतल्याच अरुंधतीताईंचं नाव होतं. फक्त एकीवर नव्हतं, ती त्यांची स्वतःची. चार वर्षं त्यांनी मंडळ सांभाळलं. नगरपालिकेची एक खोली मिळवली आणि शनिवारी मराठी शाळा सुरू केली. मीही जायचो, खाऊ घेऊन. फटीवर नीला पोळीचं फडकं घालायची. धम्मदीपा घरी सगळं जर्मनमध्ये बोलायची, पण शाळेतून आली की मला उलटं करून बुडाशी बोट फिरवायची.

"ममा, वास श्टेट दा?" काय लिहिलंय?

"एक दिवस तूच वाचशील," नीला म्हणायची. "मी नाही सांगणार."

२०१६ मध्ये अरुंधतीताई पायउतार झाल्या. जाताना म्हणाल्या, "एवढंच सांगते, गट पाडू नका रे. गट पडले की माणूस काय बोलला ते कुणी ऐकत नाही. कोण बोललं तेवढंच बघतात."

"वॉशिंग्टननीसुद्धा जाताना हेच लिहिलं होतं," सुदाम नीलाच्या कानात म्हणाला.

"आणि ऐकलं का कुणी?"

ते पान त्याने अजून वाचलं नव्हतं.

त्या वर्षी सुमितला मोठा गणपती हवा होता, ढोल-ताशांसकट, मोठ्या हॉलमध्ये. श्रीनाथला शाळेचे वर्ग वाढवायचे होते. माझ्यातून सुमितच्या एकतीस चिठ्ठ्या निघाल्या आणि श्रीनाथच्या एकोणतीस. नियमाप्रमाणे एक अध्यक्ष झाला, दुसरा उपाध्यक्ष. मंडळाच्या प्रत्येक कागदावर दोघांच्या सह्या लागत.

पुढच्या जूनमध्ये दोन कागद आले. एक गणपतीच्या हॉलचा, एक शाळेची खोली पुढे चालू ठेवायचा. कागद कुणाकडे ठेवायचे यावरही भांडण झालं, म्हणून ते नीलाच्या घरी आले. माझ्या झाकणावर. वर एक पेन.

सुमित आला. "आधी त्याला हॉलवर सही करू दे. मग मी शाळेवर करतो."

श्रीनाथ आला. "आधी शाळेवर त्याची सही. आल्झो, तसं बघाल तर मी काही गणपतीच्या विरोधात नाही, वहिनी. पण तत्त्व म्हणून काही आहे की नाही?"

"अहो, तुम्ही दोघांनीच या कडा घासल्या होत्या ना?" नीला म्हणाली.

श्रीनाथने झाकणाकडे पाहिलंसुद्धा नाही.

तीन आठवडे ते कागद माझ्या डोक्यावर पडून होते. दोन्ही मुदती टळल्या. हॉल गेला. शाळेची खोली एका गायनवर्गाला मिळाली. शनिवारी धम्मदीपा दप्तर पाठीला लावून दाराशी उभी राहिली, आणि नीलाने ते हळूच उतरवून ठेवलं.

सुदाम लायब्ररीत गेला आणि त्याने उरलेलं पुस्तक वाचून काढलं. मंडळाच्या सभेत तो उभा राहिला तेव्हा मी टेबलावरच होतो.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "मी पुस्तक अर्धंच वाचलं होतं. वॉशिंग्टननंतर तिथे पक्ष पडले. अ‍ॅडम्स अध्यक्ष झाले आणि त्यांचे विरोधक जेफरसन उपाध्यक्ष. एकाच गाडीला दोन दिशांना ओढणारे बैल! त्यापुढच्या वेळी जेफरसन आणि त्यांच्याच पक्षातला जोडीदार यांना सारखीच मतं पडली, छत्तीस वेळा मतदान घ्यावं लागलं. शेवटी त्यांनी नियम बदलला. आपणही बदलू या."

सुमित हसून म्हणाला, "घटना लिहायची काय, बदलायची काय... तुमच्याकडे परंपराच आहे म्हणा ती!"

काही जण हसले.

मित्रांनो, आमच्या घरी माझ्या समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. आपल्या देशाची घटना ज्यांनी लिहिली, ते. त्यांचं नाव मान वर करून घ्यायचं असतं. सुमितने नाव घेतलंच नाही. नाव न घेता, हसत हसत, त्याने सुदामची जात काढली. सुदामने श्रीनाथकडे पाहिलं. पाच वर्षं ज्याला तो भाऊ म्हणत होता, तो श्रीनाथ मोबाइलमध्ये पाहत होता. सुदामच्या बाजूने बोललो तर आपली मतं फुटतील, असं त्याला वाटलं असेल. अरुंधतीताई तेवढ्या उठल्या. "माफी माग, सुमित," म्हणाल्या. पण आता त्या अध्यक्ष नव्हत्या.

नियम बदलायला तीन चतुर्थांश हात हवे होते. अकराच वर झाले. ही चाल दुसऱ्या गटाची आहे, असं दोन्ही गटांना वाटलं होतं.

सुदामने मला काखेत घेतलं आणि आम्ही ट्रामने घरी आलो. पुन्हा तो मंडळात गेला नाही. पुढच्या वर्षी तिथे दोन मंडळं झाली, दोन गणपती बसले, आणि शाळा एकाही मंडळाने काढली नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात शोभनाबाई आल्या. येताना पिशवीभर चकल्या घेऊन आल्या आणि मला शोधून काढलं.

"अगं, झाकणाला हे भोक कुणी पाडलं?"

"मंडळाने, आई."

"मग त्या मंडळाला सांग, झाळून बुजवून दे म्हणावं."

"मंडळं आता दोन आहेत, आई. कुणाला सांगू?"

शोभनाबाईंनी चकल्या एका प्लास्टिकच्या डब्यात भरल्या. मग धम्मदीपाला मांडीवर घेतलं आणि मला उलटं केलं. "वाच बघू, बाळा."

आठ वर्षांच्या त्या पोरीने बोट ठेवलं. "नी... ला..." थांबली. पुढची अक्षरं तिला शाळेच्या खोलीबरोबरच सोडून गेली होती. "वायटर कान इष निष्ट," ती पुटपुटली. पुढचं येत नाही.

आजीला जर्मन कळलं नाही. "वाचलंस ना? शहाणी माझी!" असं म्हणून तिने नातीचा पापा घेतला. ओट्याशी उभी असलेली नीला वळली नाही.

माझ्या बुडाशी लिहिलंय, 'नीला, हा रिकामा ठेवू नकोस. आई.'

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, मंडळं काढाल, नियम लिहाल. पुस्तक शेवटपर्यंत वाचूनच नियम लिहा. तो भांडणाच्या दिवसांसाठी लिहा, कारण प्रेमाच्या दिवसांत नियम लागतच नाही. आणि तुमच्यासमोर कुणी हसत हसत कुणाची जात काढली, तर मोबाइलमध्ये पाहू नका.

माझं काय, मी फ्रीजच्या वर आहे. रिकामा. फटीच्या कडा मात्र अजूनही गुळगुळीत आहेत. कुणाचं बोट कापत नाही.