बिनहातांची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. आता मला दोन जाडजूड हात आहेत, मऊ गादी आहे. बघणाऱ्याला वाटेल, काय थाट आहे म्हातारीचा! पण खरं सांगते मित्रांनो, हा थाट अंगावर चढला आणि माझ्या जगण्याचं मातेरं झालं.

मला बनवून घेतलं एका निवृत्त न्यायाधीशांनी. पुढाऱ्यांच्या वागणुकीवर नजर ठेवणारी समिती नुकतीच स्थापन झाली होती आणि ते तिचे पहिले अध्यक्ष होते. सुताराने विचारलं, "साहेब, हात कसे करू? नक्षीचे की साधे?"

"हातच नकोत," साहेब म्हणाले. "उत्तर देणाऱ्याला टेकायला काही असू नये. आणि तो आपल्या हातांचं काय करतो, ते मला दिसायला हवं."

तेव्हापासून तो शिरस्ताच पडला. मंत्री असो की महापौर, चौकशीला आला की बसायचं माझ्यावरच. बाहेर तोऱ्यात फिरणारे इथे चुळबुळ करायचे, गुडघ्यांवर तळवे पुसायचे. काहींची तर बोबडीच वळायची. कुणाचं पद गेलं, कुणी लोकांची माफी मागितली. वर्तमानपत्रात माझा फोटो आला तेव्हा, खोटं कशाला बोलू, मी जरा फुशारलेच होते.

साहेबांनंतर एक बाई अध्यक्ष झाल्या. त्या सचोटीच्या, पण मनाने फार मऊ. त्यांच्याकडे एका आईची तक्रार आली. शाळेची भिंत कोसळून तिची लेक गेली होती. भिंतीचं काम एका पुढाऱ्याने आपल्या मेहुण्याला दिलं होतं. आईला भरपाई नको होती.

"भिंत कच्ची आहे हे त्याला ठाऊक होतं की नाही, एवढं त्याने माझ्यासमोर बसून सांगावं," ती म्हणाली.

पुढारी आला. मला बघताच त्याने कंबर धरली. "बाई, पाठीने जीव नकोसा केलाय हो. हिला हात तरी बसवून घ्या, मग हवं ते विचारा."

आजारी माणसाला छळलं असं व्हायला नको, म्हणून बाई विरघळल्या. दुसरी खुर्ची घ्यावी, तर साहेबांचा शिरस्ता मोडतो. म्हणून त्यांनी मला सुताराकडे धाडलं आणि चौकशी पुढे ढकलली.

"अहो, त्याला सतरंजी द्या, आडवं पडून सांगू दे!" आई कळवळून म्हणाली. "पण आज सांगू दे."

"थोडा धीर धरा, ताई. खुर्ची आली की पहिली सुनावणी तुमचीच."

सुताराकडे मी पडून राहिले. हात बसले तर गादीची टूम निघाली. गादी झाली तर रंग पसंत पडेना. पुढाऱ्याचा माणूस येऊन दर वेळी नवं खुसपट काढायचा. तेवढ्यात बाईंची मुदत संपली. मी त्याच खोलीत परत आले, पण मला टेबलाच्या पलीकडे, अध्यक्षांच्या जागी ठेवलं. नवे अध्यक्ष आले आणि माझ्यावर ऐसपैस बसले. तोच पुढारी होता. कंबर अगदी ठणठणीत होती.

आई अजूनही येते. ती समोरच्या स्टुलावर बसते, रिकामे हात मांडीवर ठेवते आणि तोच प्रश्न विचारते. अध्यक्ष माझे हात घट्ट धरून गोड आवाजात म्हणतात, "ताई, तुमची तक्रार विचाराधीन आहे." त्यांचे तळवे घामाने चिंब झालेले असतात. ते फक्त मला कळतं. तिला बिचारीला काही दिसत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आमची निगा राखा, आम्हाला पुसा, पॉलिश करा. मला त्यातलं काही नको. कुणीतरी करवत आणा आणि माझे हे हात कापून टाका. रोज वाटतं, आज कुणी येईल. पण या खोलीत सुतार बोलवायचा झाला, तरी आता अध्यक्षांचीच सही लागते.