तुलनेचं रक्त

नर्सनं दंडाला रबरी पट्टा आवळला, तरी सुनंदानं मान वळवली नाही. सुई आत जाताना ती बघत राहिली. सकाळी उपाशीपोटी एक गोळी दिली होती. त्यानंतर दर अर्ध्या तासाला रक्त घेत होते. ही चौथी वेळ.

शेजारच्या खाटेवर तीच गोळी घेतलेला तिचा नवरा किशोर छताकडे बघत पडला होता. बारा वर्षं आणि साजगावच्या कारखान्यातली नोकरी दारूत घालवून आठ महिन्यांपूर्वी त्यानं बाटली सोडली होती. कर्जतच्या या दवाखान्यात अशा माणसांची तपासणी चालली होती. तुलनेसाठी कधीच न प्यालेली माणसंही हवी होती. सुनंदा म्हणाली होती, "माजं घ्या."

दारू सुटली, पण किशोर काही परत आला नाही. वडील गेले, त्यानं खांदा दिला आणि घरी येऊन चहा मागितला. लेक जागृती नर्सिंगला लागली, तेव्हा म्हणाला, "बरं झालं." पीत होता तेव्हा निदान रडायचा, शिव्या द्यायचा. हे दुखणं असेल, त्यावर औषध असेल, एवढ्या आशेवर तिनं त्याला इथवर आणलं होतं.

आठवड्यानं डॉक्टर समीक्षांनी दोघांना बोलावलं. "तूच जा," म्हणत किशोर बाहेर बाकावर बसून राहिला.

"त्या गोळीनं मेंदूतलं सेरोटोनिन वाढतं," डॉक्टर म्हणाल्या. "आपलं मन बरंचसं त्याच्यावर चालतं. ते वाढलं की रक्तात एक हार्मोन चढायला हवं. किशोररावांचं चढलंच नाही. इतक्या वर्षांच्या दारूनं असं होतं. ते मुद्दाम तसं वागत नाहीत, ताई."

"परत येल?"

"काहींचं येतं. वेळ लागतो. औषध सुरू करू."

सुनंदा उठली. डॉक्टरांनी दुसरा कागद पुढे ओढला.

"थांबा. तुम्ही कधी घेतली होती? लग्नाकार्यात, थोडीशी?"

"नाय. वासानंच मळमळतं मला."

"झोपेच्या गोळ्या, दुसरं काही औषध?"

"कायच नाय."

डॉक्टरांनी कागदावरच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "तुमचंही चढलेलं नाही. नुसत्या आकड्यावरून काही ठरत नाही. पण तुलनेत तुम्हाला धरता येणार नाही. त्यांनी दारू सोडली, त्या दिवशी तुम्हाला कसं वाटलं होतं?"

शेजारणींनी आग्रह केला म्हणून त्या दिवशी तिनं चौदा घरांत पेढे वाटले होते. मग रिकामा खोका टाकून धुणं भिजवलं होतं.

"काय वाटायचं?" ती म्हणाली.

"तुम्हीही उपचार घ्या. पुढच्या मंगळवारी या."

ती बाहेर आली. किशोरनं वर पाहिलं.

"काय म्हनाली?"

"तुमाला औषद देनार हायत."

"आन् तुला गं? तुला काय म्हनाली?"

सुनंदा थांबली. किती वर्षांत त्यानं तिच्याबद्दल असं काही विचारलं नव्हतं. आतून काहीतरी वर येईल म्हणून तिनं जरा वाट पाहिली.

मग म्हणाली, "चला. खोपोलीची गाडी जाईल."