डूख धरलेली दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. चंद्र बघायची नव्हे आणि समुद्रातली जहाजे बघायचीही नव्हे. माझी लांबी तुमच्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल, आणि जाडी पेन्सिलीहूनही कमी. माणसाच्या लघवीच्या वाटेने आत जायचे आणि मूत्राशय, म्हणजे लघवी साठते ती पिशवी, आतून पाहायचे, हे माझे काम. हसा, हसून घ्या. आधी सगळेच हसतात. ज्याच्या लघवीतून एकदा लालभडक रक्त जाते, तो मात्र हसत नाही.

आणखी एक सांगून ठेवते. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात. मी तशी नाही. मी एका माणसावर डूख धरला, आणि त्याचे उट्टे निघताना डोळे भरून पाहिले. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

मला एका कारखान्यातल्या बाईने घडवले. ती खिडकीशी बसून काचेच्या बारीक कांड्या घासायची आणि एकामागे एक माझ्या नळीत बसवायची. एका कांडीवर धुळीचा कण राहिला म्हणून तिने मला तीनदा उघडले. शेजारीण वैतागून म्हणाली, "अगं, एवढ्याशा कणाने काय होतंय?"

"ही जिथं जाणार तिथं दुसरं कोणी बघायला जाणार नाही," ती म्हणाली. "ही सांगेल तेच लोक खरं धरणार. मग हिने खोटं सांगून कसं चालेल?"

मग तिने माझ्या मागच्या टोकाला कारखान्याचे सील लावले आणि मला पेटीत निजवले.

इस्पितळात मी थोरल्या डॉक्टरांच्या हाती आले. त्यांचा हात लोण्यासारखा मऊ होता. आणि मला धुणे, पुसणे, निर्जंतुक करणे हे सारे सिस्टर करायच्या. त्या मला दुसऱ्या कोणाच्या हातात देत नसत. "हिला टेबलावर आपटलंत तर माझ्याशी गाठ आहे," असे त्या नव्या डॉक्टरांनाही बजावायच्या. एकोणीस वर्षे आम्ही तिघांनी एकत्र काम केले. निरोगी मूत्राशयाची भिंत किती सुंदर असते म्हणून सांगू! फिकी गुलाबी, आणि तिच्यावर केसांहून बारीक रक्तवाहिन्यांची नक्षी. त्या भिंतीवर कुठे पाण्यातल्या शेवाळासारखा झुलणारा झुपका दिसला की थोरले डॉक्टर श्वास रोखत. ती गाठ. वेळेत दिसली तर खरवडून काढता येते आणि माणूस आपल्या पायांनी घरी जातो. असे कितीतरी जण घरी गेले. जाताना ते डॉक्टरांचे पाय धरत, सिस्टरांना हात जोडत. माझ्याकडे कोणी पाहत नसे, पण थोरले डॉक्टर म्हणत, "पाहिलं ते हिने. मी नुसता मागे उभा होतो."

पुढे थोरले डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी साहेब आले. हुशार माणूस, बोलणे तर असे की दगडालाही पटावे. त्यांनी एक नवे संशोधन हाती घेतले होते. लघवीचे चार थेंब एका यंत्रात घालायचे, आणि गाठ आहे की नाही ते यंत्रानेच सांगायचे. दुर्बीण नको, दुखणे नको.

खरे सांगते, हे ऐकून मला राग आला नव्हता. मी आत गेलेली कोणाला आवडते? ते यंत्र माझ्यापेक्षा चांगले निघाले असते, तर मी सुखाने पेटीत निजून राहिले असते. पण त्याची परीक्षा घ्यायला मीच लागणार होते. प्रत्येक रुग्णाची आधी यंत्राकडून चाचणी, मग माझ्याकडून तपासणी. दोघांचे उत्तर जुळले तर यंत्र पास.

पुष्कळदा ते जुळलेही. मोठ्या गाठी यंत्राने बरोबर ओळखल्या. लहान गाठींपाशी मात्र त्याची गाडी अडू लागली.

एक दिवस कापड रंगवणारा एक कारागीर आला. पस्तीस वर्षे रंगाच्या हौदात हात घालून त्याच्या बोटांच्या रेषारेषांत निळा रंग मुरला होता. सगळे त्याला निळेदादा म्हणत. लघवीतून दोनदा रक्त गेले होते. यंत्राने सांगितले, सगळे ठीक आहे. कंबरेखाली बधीर करून मला आत घातले आणि डाव्या भिंतीवर मला गाठ दिसली. मसुरीच्या दाण्याएवढी, पण गाठच. माझ्या मागे जोडलेल्या कॅमेऱ्यातून ती समोरच्या पडद्यावरही उमटली आणि कॅमेऱ्याने ती साठवूनही ठेवली.

साहेबांनी पडद्याकडे पाहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "भिंगावर डाग आहे."

सिस्टर पुढे झाल्या. "डाग नाही हो साहेब. डाग असता तर दुर्बीण फिरवल्यावरही चित्रात जागच्या जागी राहिला असता. हा बघा, मागे पडला."

"सिस्टर, तुम्ही जेलीची नळी द्या. निदान करायला मी आहे."

टेबलावरून निळेदादाने विचारले, "काही दिसलं का हो?"

"काही नाही," साहेब म्हणाले. "आत सगळं स्वच्छ आहे. जा, बिनधास्त कामाला लागा."

मित्रांनो, ज्या बाईने एका कणासाठी मला तीनदा उघडले, तिने घडवलेल्या काचेवर त्या माणसाने डाग लावला. नाचता येईना अंगण वाकडे, अशातला प्रकार! आणि हे एकदाच घडले नाही. सात जणांच्या बाबतीत यंत्राने नाही म्हटले आणि मी हो म्हटले. सातही वेळा साहेबांनी कागदावर लिहिले : दुर्बीण सदोष. मग माझ्या पेटीवर लाल चिठ्ठी चिकटवली आणि मला मोडीत काढायचा हुकूम दिला. सिस्टर तोंडावर बोलल्या होत्या, म्हणून त्यांची बदली भांडारात झाली. चादरी मोजायच्या, बूच लावलेल्या बाटल्या मांडायच्या. मोडीत काढायच्या वस्तू त्यांच्याच भांडारात यायच्या. त्यांनी मला मोडीत दिले नाही. कॅमेऱ्यासकट कपाटात ठेवले आणि कपाटाला कुलूप लावले.

त्या अंधारात मी दात-ओठ खात पडून राहिले. मला दात नाहीत आणि ओठही नाहीत, पण राग होता.

आठ महिन्यांनी भांडाराच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. निळेदादाची बायको. तिच्या नवऱ्याची लघवी रक्ताच्या गुठळ्यांनी तुंबली होती. आता गाठ भिंतीच्या आरपार गेली होती. मूत्राशयच काढून टाकावे लागले. पोटाला भोक पाडून लघवीसाठी बाहेरून पिशवी लावली होती.

"सिस्टर, त्या दिवशी तुम्ही होतात ना आत?" तिने विचारले.

"होते."

"मग खरंच काही दिसलं नव्हतं का हो?"

सिस्टर खाली बसल्या. चादरींच्या गठ्ठ्यावरच बसल्या. "दिसलं होतं, वहिनी."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"एकदा बोलले. मग नोकरीच्या भीतीने गप्प बसले."

मला वाटले, ती बाई सिस्टरांच्या थोबाडीत मारेल. मारली असती तरी सिस्टरांनी हात धरला नसता. पण तिने पदराने डोळे पुसले आणि इतकेच म्हटले, "आता तरी बोला. मला त्या माणसाला सगळ्यांसमोर बघायचंय."

त्याच दिवशी सिस्टरांनी उरलेल्या सहा जणांना पत्रे लिहिली : दुसऱ्या इस्पितळात जा, लगेच दुर्बिणीतून तपासून घ्या. आणि मग माझे कपाट उघडले. त्यांचा चेहरा मी वर्षानुवर्षे ओळखत होते, पण तो तसा कधी पाहिला नव्हता. "चल," त्या मला म्हणाल्या. "आपल्या दोघींचं काम आहे."

महिनाभराने सभागृहात साहेबांचे भाषण होते. यंत्र सगळ्या इस्पितळांत पाठवायचे की नाही, हे ठरवायला बाहेरून तीन परीक्षक आले होते. त्यांच्या प्रमुख एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. साहेबांचे भाषण झकास झाले. सात चुकांचे काय, असे बाईंनी विचारताच ते गोड हसले. "ती चूक यंत्राची नाही. जुनी दुर्बीण सदोष होती. आम्ही ती मोडीत काढली."

मागच्या रांगेतून सिस्टर उठल्या. "मला एक विचारायचंय."

"या भांडार सांभाळतात," साहेब परीक्षकांना म्हणाले. काही लोक हसले.

"विचारू दे त्यांना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सिस्टर पुढे आल्या आणि मला पेटीतून काढून टेबलावर ठेवले. "मोडीत काढलेली दुर्बीण ती हीच. सील बघून घ्या, अजून तुटलेलं नाही, म्हणजे ही कोणी उघडलेली नाही." त्यांनी कॅमेरा जोडला, दिवा लावला. मोठ्या पडद्यावर नुसते पांढरे धुके आले. कोणीतरी कुजबुजले, "खरंच बिघडलीय." सिस्टरांनी माझी काच पुसली आणि मागे वळून हाक मारली, "दादा, या."

निळेदादा भिंतीला धरून धरून आला. त्याने अंगठा माझ्यासमोर धरला. आणि मित्रांनो, त्या भिंतीएवढ्या पडद्यावर त्या अंगठ्याची रेष न् रेष उमटली. प्रत्येक रेषेत मुरलेला निळा रंग. नखाशेजारची बारीकशी चीर. डागाचा मागमूस नाही.

साहेब घाईघाईने म्हणाले, "नंतर साफ करून घेतली असेल."

याचीच तर मी वाट पाहत होते! कॅमेऱ्याच्या पोटात त्या दिवसाची चित्रे तशीच होती. सिस्टरांनी ती लावली. गुलाबी भिंत, डाव्या बाजूला मसुरीएवढी गाठ. दुर्बीण फिरली, गाठ मागे पडली. दुर्बीण परत आली, गाठ पुन्हा समोर. डॉक्टरीणबाईंनी ते तीनदा पाहिले. मग चष्मा काढून म्हणाल्या, "याला डाग म्हणणं मला पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडूनही चाललं नसतं."

साहेबांच्या तोंडचे पाणी पळाले. ते टेबलावरचे आपले कागद गोळा करू लागले. मी टेबलावर पडल्या पडल्या ते पाहत होते, आणि मला अजून हवे होते. त्यांनी अजून घाबरावे, अजून लटपटावे, असे वाटत होते.

"माझंही नाव लिहून घ्या," सिस्टर परीक्षकांना म्हणाल्या. "मी आठ महिने गप्प बसले होते."

साहेबांची खुर्ची गेली, रुग्णांवर उपचार करायची परवानगीही गेली. सिस्टरांनाही वर्षभर घरी बसवले. बाहेर पडताना एका बातमीदाराने निळेदादाच्या बायकोला विचारले, "आता समाधान झालं ना?"

ती म्हणाली, "त्यांची खुर्ची गेली, ह्यांचं मूत्राशय गेलं. खुर्ची दुसरी मिळते."

ते यंत्र वाईट नव्हते. पुढे दुसऱ्या लोकांनी त्याच्या चुका न लपवता त्याच्यावर मेहनत घेतली. आता ते पूर्वीपेक्षा लहान गाठीही ओळखते, आणि जिथे शंका असेल तिथे दुर्बीण लागते असे स्वतःच सांगते. माझे काम नव्या लवचिक दुर्बिणी करतात. मी शिकणाऱ्या डॉक्टरांच्या वर्गात असते. थोरले डॉक्टर एकदा मला भेटायला आले आणि सिस्टरांना म्हणाले, "आता राग सोडून दे गं." सिस्टर म्हणाल्या, "सर, सहावं पत्र परत आलंय."

ते असे. त्या सहा जणांपैकी पाच जण वेळेत तपासले गेले, पाचांच्या गाठी निघाल्या, पाचही जण धडधाकट आहेत. सहावा घर बदलून कुठे गेला, कोणालाच ठाऊक नाही. सिस्टर अजून त्याचा शोध घेतात.

म्हणून माझी विनवणी एवढीच. कोणी एखाद्याला निकामी म्हटले, तर मान डोलावण्याआधी स्वतः डोळा लावून बघा. आणि तुमच्या घरात बाबा, आजोबा, काका, मावशी, कोणालाही लघवीतून रक्त गेले असेल आणि "काही नाही, सगळं स्वच्छ आहे" असे ऐकून ते निर्धास्त झाले असतील, तर त्यांना पुन्हा तपासायला न्या. लाजू देऊ नका, थांबू देऊ नका. कोण जाणे, त्यांच्यातच तो सहावा असेल. उजव्या बाजूला, वरच्या अंगाला, तांदळाच्या दाण्याएवढी गाठ. ती जागा मी अंधारातही ओळखीन. त्या माणसाचा चेहरा मात्र मी कधी पाहिलेला नाही.