नवस नको, पोतं ठेवा

मी दगड बोलतोय. देवी म्हणून हाक माराल तर ओ देणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

दोन उभे खांब आणि त्यांवर माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर एक आडवी शिळा, एवढाच माझा देह. आमच्या तमिळ मुलखात मला सुमैतांगी म्हणतात, म्हणजे ओझं झेलणारा. नाच्चियार नावाची बाई पोटुशी असतानाच गेली. तिचं ओझं उतरलं नाही, निदान वाटसरूंचं तरी उतरावं, म्हणून तिच्या नवऱ्याने मला बाजाराच्या वाटेवर उभं केलं.

हमाल यायचा, न वाकता डोक्यावरचं पोतं माझ्यावर सरकवायचा, पाणी प्यायचा, माझ्याच अंगावर विडी विझवायचा आणि पोतं पुन्हा डोक्यावर ओढून चालू पडायचा. फार सुखाचे दिवस होते ते.

मग नाच्चियार कुणाच्या तरी स्वप्नात देवी होऊन आली. आठ दिवसांत मला हळद फासली, लाल साडी नेसवली, लिंबांची माळ घातली. वेलायुदम पुजारी ओरडू लागला, "अम्मनच्या, देवीच्या डोक्यावर पोतं ठेवतोस? लाज नाही वाटत?"

झालं! लोक पोती माझ्या पायाशी टाकू लागले. उचलताना गुडघे ताठ, कंबरेतून वाकून एक हिसका, आणि कळ आली की माझ्यापुढेच नवस. मी काय करणार, कपाळ? माझं कपाळही साडीखाली झाकलेलं.

मारियप्पन त्यांतलाच. भुईमुगाची पोती वाहायचा. कंबर दोनदा धरली होती. पुन्हा धरली तर हमाली विसर, असं डॉक्टरने बजावलं होतं आणि घरात कमावणारा तो एकटा. एके दुपारी तो पोतं घेऊन माझ्यापाशी थांबला आणि ते खाली उतरवायला वाकू लागला. मागून त्याची थोरली बहीण पेच्ची येत होती, डोक्यावर केळीच्या पानांचा भारा.

"तंबी, मुडद्या, वाकू नकोस! वर ठेव."

"अक्का, अम्मन कोपेल."

"कोपू दे. माझं नाव सांग."

तिने एका हाताने माझ्यावरची साडी ओढून काढली. वेलायुदम धावत आला. "पेच्ची, पाप लागेल!"

"तू आरतीच्या ताटापेक्षा जड काही उचललंयस का कधी? ही बाई ओझं उतरलं नाही म्हणून मेली, आणि तिच्याच दारात तू माझ्या भावाला मोडायला निघालास?"

वेलायुदम दोन पावलं मागे सरला. मारियप्पनने डोळे मिटले आणि पोतं माझ्यावर सरकवलं. किती वर्षांनी! खरं सांगतो, मला भरून आलं.

हल्ली कुंकू फक्त खांबांना लागतं. परवा आजूबाजूला कुणी नाही असं बघून वेलायुदमनेही नारळांचं पोतं माझ्यावर टेकवलं. मी तेही झेललं.

जमिनीवरून उचलायचंच झालं, तर पेच्चीकडे बघा. ती गुडघ्यांत बसते, भारा पोटाशी धरते आणि पायांच्या जोरावर उठते. पण इथे आलात तर वाकू नका, माझ्यापुढेसुद्धा. पोतं वर ठेवा. नाच्चियारला एवढंच हवं होतं.